हा प्रश्न इथला नव्हे

मराठी समीक्षेच्या वाचकांना ‘साहित्यबाह्य’ हा शब्द नवा नाही. साहित्यबाह्य निकष, साहित्यबाह्य प्रेरणा, साहित्यबाह्य आक्षेप अशी त्याची अनेक रूपे आपण उत्तरपत्रिकांतून वाचत आणि चर्चासत्रांच्या अध्यक्षीय समारोपांतून ऐकत आलो आहोत. या शब्दाची सोय अशी, की समोरचा मुद्दा चूक आहे हे सिद्ध करीत बसावे लागत नाही. तो इथला नाही एवढे म्हटले की पुरते. मुद्दा खरा असेल, महत्त्वाचाही असेल, पण त्याने दुसऱ्या दाराशी जावे. ते दुसरे दार कुठे आहे, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही.

या शब्दाचा आम्ही अलीकडे पुन्हा विचार करू लागलो तो एका अनपेक्षित वाटेने. ‘सी’ नावाच्या संगणकीय भाषेचा एक चर्चागट आहे. कॉम्प.लँग.सी हे त्याचे नाव. तिथे कोणता प्रश्न विषयाला धरून आणि कोणता विषयबाह्य, यावर तीन दशकांहून अधिक काळ जो खल चालला, त्याचा काही भाग आम्ही विद्यार्थिदशा संपता संपता वाचला होता. यंदा वर्गात घडलेल्या एका प्रसंगाने तो आठवला आणि आम्ही पुन्हा वाचायला घेतला. वाचकांपैकी बहुतेक आमच्यासारखेच कलाशाखेचे असणार, तेव्हा थोडी पार्श्वभूमी सांगणे भाग आहे.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये घडवली. १९७८ साली ब्रायन कर्निघन आणि रिची यांचे पुस्तक आले आणि बराच काळ तेच या भाषेचे प्रमाण मानले गेले. पुढे १९८९ मध्ये अमेरिकेत आणि १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर तिचे लेखी मानक ठरले. चर्चागट होता तो यूजनेटवर. यूजनेट म्हणजे १९७९-८० मध्ये ड्यूक विद्यापीठातील विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून निघालेली, वेबच्या कितीतरी आधीची व्यवस्था. विषयवार गट असत, लोक त्यांत मजकूर लिहीत आणि तो एका संगणकावरून दुसऱ्यावर नकलला जात जात जगभर पोचे. गटांची संख्या हाताबाहेर गेली तेव्हा १९८६-८७ मध्ये बहुतेकांची नावे बदलून सात शाखांत मांडणी करण्यात आली. संगणक, विज्ञान, समाज, करमणूक, वादविवाद, खुद्द यूजनेटचे कामकाज आणि सातवी शाखा अर्थातच ‘संकीर्ण’. या नामांतरात आपल्या पाककृतींच्या गटाला मिळालेले नाव ब्रायन रीड या गृहस्थांना रुचले नाही, आणि १९८७ साली त्यांनी आणखी काही जणांसह ‘आल्ट’ नावाची स्वतंत्र शाखाच काढली. पाककृतींच्या वर्गीकरणावरून फूट पडावी हे वाचून प्रथम हसू आले होते. पण अभ्यास मंडळाच्या बैठकीत ‘लोकसाहित्य’ कोणत्या पत्रिकेत घालायचे यावरून होणारी भांडणे ज्यांनी पाहिली आहेत, ते हसणार नाहीत.

असो. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. दोघांनीही एम.ए. झाल्यावर, नेट-सेटचे निकाल आणि तासिका तत्त्वावरच्या नेमणुका यांच्या मधल्या काळात, हे काही जमले नाही तर पोटापाण्याला हाताशी काहीतरी असावे म्हणून, संगणकाचे वर्ग लावले होते. साल २००३-०४. तेव्हा महाराष्ट्रातल्या अशा वर्गांतून आणि महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून सी म्हणजे टर्बो सी. बोर्लंड कंपनीचा डॉसच्या काळातला, निळ्या खिडकीचा कम्पायलर. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक बहुतेकांच्या पिशवीत असे. वर्गात शिकवल्या जाणाऱ्या प्रोग्रामचा साचा ठरलेला होता. सुरुवात ‘व्हॉइड मेन’ने करायची, पहिली ओळ ‘क्लिअरस्क्रीन’ची म्हणजे ‘सीएलआरएससीआर’, शेवटची ‘गेटसीएच’. यांतली पहिली आज्ञा आधीच्या वेळचा पसारा पडद्यावरून पुसून टाकी. दुसरी कळ दाबेपर्यंत थांबून राही. ती नसेल तर उत्तर डोळ्यांना दिसायच्या आत पुन्हा निळी खिडकी समोर येई. पूजेच्या आरंभी आचमन आणि शेवटी अक्षता, तसे हे होते. मधला विधी दरवेळी वेगळा, हे दोन मात्र कायम.

सायबर कॅफेत तासाला २० रुपये मोजून आमच्यापैकी एक जण गूगलच्या दारातून हा चर्चागट वाचायला जाई. गूगलने २००१ मध्ये यूजनेटचा जुना संग्रह विकत घेतला होता आणि त्यामुळे भारतातल्या कोणाही विद्यार्थ्याला तिथे डोकावणे, लिहिणे शक्य झाले होते. लिहीतही असत. नावांवरून आणि इंग्रजीच्या वळणावरून ओळखू येई की हा मुलगा आपल्याच बाजूचा आहे. पडदा कसा पुसायचा, एकच कळ कशी वाचायची, पडद्यावर वर्तुळ कसे काढायचे, फोल्डरमधल्या फायलींची यादी कशी मिळवायची, असे त्याचे प्रश्न. आणि उत्तरे बहुधा एकाच धाटणीची: सी भाषेत पडदा नाही. सी भाषेत कळफलक नाही. सी भाषेत फोल्डर नाहीत. तुमचा प्रश्न सी-विषयी नाही, तुमच्या कम्पायलरविषयी किंवा डॉसविषयी आहे. तो त्या गटात विचारा. शिवाय ‘व्हॉइड मेन’ चूक आहे, ‘इंट मेन’ लिहा. प्रोग्राम संपताना आपण कसे संपलो हे त्याने यंत्रणेला एका अंकाने कळवायचे असते.

ज्याने कधी प्रोग्राम लिहिला नाही त्याला यातला धक्का कळायचा नाही. मुलाने शिकलेल्या प्रत्येक प्रोग्रामचे पहिले वाक्य, त्यानंतरची ओळ आणि शेवटची ओळ, तिन्ही त्या भाषेतली नाहीत असे त्या भाषेचे जाणकार सांगत होते. उरला तो मधला विधी.

आमची तेव्हाची प्रतिक्रिया मराठीच्या विद्यार्थ्याची होती, आणि ती अगदी तयार होती. ‘आनी’, ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलाला पहिल्याच दिवशी ‘हे मराठी नव्हे’ असे ऐकवणारी शाळा आम्ही पाहिली होती. महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार लेखननियम पाठ करून घेणारे आणि त्यांबाहेरच्या लेखनाला तांबडी रेघ मारणारे परीक्षक पाहिले होते. इथेही एक लेखी मानक, त्याचे राखणदार आणि दाराशी उभा असलेला बोली बोलणारा. साम्य इतके चपखल होते की दोन-तीन महिने आम्ही त्याच चष्म्यातून वाचत राहिलो. हे साम्य अर्धेच खरे आहे, आणि त्याचे कारण महत्त्वाचे आहे. आगरी किंवा वऱ्हाडी ही कोणा कंपनीने विकायला काढलेली नाही. ‘क्लिअरस्क्रीन’ ही आज्ञा लोकांच्या तोंडून आली नव्हती. ती एका उत्पादनाबरोबर आली होती आणि त्या उत्पादनाबरोबरच जाणार होती. पुढे तसेच झाले. डॉस गेले, नव्या संगणकांवर टर्बो सी चालवायला आतल्या आत जुना संगणक उभा करणारी युक्ती लागू लागली, आणि ‘इंट मेन’ लिहिणाऱ्यांचे पडद्याच्या फंदात न पडलेले प्रोग्राम कुठल्याही यंत्रावर चालत राहिले. म्हणजे विद्यार्थ्याला एका कंपनीच्या दावणीतून सोडवण्याचे काम ते रुक्ष उत्तर करीत होते. बोलीच्या बाजूने उभे राहण्याची आमची सवय तिथे गैरलागू होती.

या गटाचे जुने सभासद विषयमर्यादेचे जे समर्थन देत, ते आम्हांला आजही विलक्षण वाटते. ते असे. या ठिकाणी सी जाणणारे पुष्कळ आहेत. कोणी सी-विषयी चुकीचे उत्तर दिले तर काही तासांत दहा जण ते दुरुस्त करतात. पण कोणी डॉसविषयी किंवा विंडोजविषयी चुकीचे उत्तर दिले, तर ते ओळखणारा इथे कोणी असेलच असे नाही. ते तसेच राहील आणि विचारणारा ते खरे मानून घरी जाईल. म्हणून जिथे त्या विषयाचे दुरुस्ती करणारे आहेत तिथेच त्याने विचारावे, हे त्याच्याच हिताचे. विषयाची सीमा इथे मालकीने ठरत नाही. चूक पकडणारी माणसे जिथपर्यंत आहेत तिथपर्यंत विषय.

ही कसोटी आपल्या चर्चासत्रांना लावून पाहावी. मराठीच्या सभागृहात कोणीतरी उठून सांगतो की संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा असल्याचे नासाने सिद्ध केले आहे. टाळ्या पडतात. या वाक्याचे मूळ १९८५ साली ‘एआय मॅगझिन’मध्ये आलेल्या रिक ब्रिग्ज यांच्या एका लेखात आहे. लेखक नासाच्या केंद्रात काम करीत होते हे खरे. संस्कृत वैयाकरणांची वाक्यार्थ उलगडण्याची पद्धत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेत ज्ञान मांडण्याची पद्धत यांतले साम्य त्यांनी दाखवले होते. संस्कृतात प्रोग्राम लिहावेत असे तिथे काही सिद्ध झालेले नाही. हे सांगू शकणारा सभागृहात कोणी नसतो, कारण सभागृह मराठीचे असते. वक्त्याचे विधान खरे की खोटे हा तिथे दुय्यम प्रश्न ठरतो. ते ज्या ठिकाणी केले गेले तिथे त्याला प्रतिवादीच नव्हता. आम्ही अशा सत्रांत अनेकदा बसलो आहोत, आणि कॉम्प.लँग.सीवरच्या त्या तुसड्या सभासदांची आठवण अशा वेळी फार येते.

अर्थात त्यांचीही सीमा ते समजत तेवढी आखीव नव्हती. एक तर या गटाला सनद नव्हती. नंतरच्या काळात नवा गट काढायचा तर त्याचा विषय आधी लिहून, मतदानाला टाकून मंजूर करून घ्यावा लागे. हा गट त्या पद्धतीच्या आधीचा. त्यामुळे विषय काय, हे वहिवाटीने ठरत होते आणि वहिवाटीला कोणीही आव्हान देऊ शकत होते. दुसरे असे, की कर्निघन आणि रिची यांच्या ज्या पुस्तकाला तिथे ग्रंथसाहेबाचा मान, त्याच पुस्तकाचे आठवे प्रकरण युनिक्स या कार्यप्रणालीशी कसे बोलावे याविषयी आहे. त्यात डिरेक्टरीतल्या फायलींची यादी करण्याचा प्रोग्रामही आहे. ग्रंथकर्त्यांनी स्वतः तो प्रश्न या गटात विचारला असता तर त्यांना दुसऱ्या गटाचा रस्ता दाखवण्यात आला असता, हा विनोद तिथे विरोधकांचे हुकमी अस्त्र होता. राखणदारांचे उत्तर असे, की ते प्रकरण पुस्तकात आहे, भाषेत नाही. कर्मठ उत्तर, पण तर्काला सोडून नाही.

तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत आवडलेली. स्टीव्ह समिट यांनी १९९० पासून या गटाची नेहमीच्या प्रश्नांची यादी सांभाळली. १९९५ मध्ये ती पुस्तकरूपानेही आली. त्या यादीचा एकोणिसावा भाग विषयबाह्य प्रश्नांचाच आहे. एकच कळ कशी वाचावी, पडदा कसा पुसावा, फाइल अस्तित्वात आहे का हे कसे पाहावे. हे तुमच्या यंत्रणेवर अवलंबून आहे असे आधी बजावून मग कोणत्या यंत्रणेवर कुठे शोधावे याच्या खुणा दिलेल्या आहेत. गटाने ज्यांना उंबऱ्याबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी एकाने उंबऱ्यावर बसून रस्ता सांगण्याचे काम केले. ज्ञानेश्वरीत निरूपण करता करता वाहवत गेलेला वक्ता श्रोत्यांची क्षमा मागून पुन्हा श्लोकाकडे वळतो, त्या जागांची इथे आठवण होते. तिथेही विषय कोणता याचे भान पक्के आहे, आणि जे विषयाबाहेर सांगितले तेही टाकून दिलेले नाही.

तरीही एक अडचण उरते. माझा प्रश्न सी-विषयी आहे की टर्बो सी-विषयी, हे ओळखायला सी यावी लागते. ज्याला ती येते त्याला हा प्रश्न पडतच नाही. सीमा कुठे आहे हे सीमेच्या आतल्यांनाच दिसते आणि ओलांडल्याचा ठपका बाहेरच्यावर येतो. ‘विचारण्याआधी शोधा’ हा तिथला आवडता उपदेश. पण काय शोधायचे याचे नाव माहीत असणे हीच अर्धी विद्या असते.

वर्गात घडले ते असे. द्वितीय वर्षाच्या तासाला आमच्यापैकी एक जण एका आधुनिक कवीची कविता शिकवीत होता. प्रतिमा, लय, अनेकार्थता असे सगळे व्यवस्थित चालले होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, “सर, हे कवी कोणत्या समाजाचे?” वर्गात थोडी चुळबुळ झाली. “आपण कवितेबद्दल बोलतो आहोत,” असे एक उत्तर जिभेवर येणे साहजिक होते. आमच्या शिक्षकांनी आम्हांला तेच दिले असते, सौजन्याने. तसे न म्हणता तिने का विचारले हे विचारल्यावर ती म्हणाली, की कवितेत विहीर आहे आणि त्या विहिरीवर कोण पाणी भरू शकत होते हे कळल्याशिवाय शेवटचे कडवे लागत नाही.

स्टाफरूममध्ये यावर आमचा वाद झाला. एकाचे म्हणणे, हा प्रश्न संपूर्णपणे कवितेतला होता, कारण विहीर कवितेत आहे. दुसऱ्याचे म्हणणे, विहिरीविषयीचा प्रश्न कवितेतला. कवीच्या जातीविषयीचा नव्हे. कवी कोणाचा हे कळल्यावर मुले कविता वाचायचे थांबतात, निकाल आधी लागतो. दोघांकडेही उदाहरणे आहेत आणि हा वाद अजून मिटलेला नाही.

पण त्या वादात कॉम्प.लँग.सीची आठवण निघाली आणि एक फरक स्पष्ट झाला. १९५८ साली मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन भरले, अण्णा भाऊ साठे यांनी त्याचे उद्घाटन केले. त्यानंतरच्या दशकांत जात, भूक, कष्ट, गावकुसाबाहेरचे जगणे यांविषयी जे लिहिले गेले, त्याच्या परीक्षणांतून ‘साहित्यबाह्य’ हा शब्द पुनःपुन्हा भेटतो. शरणकुमार लिंबाळे यांनी १९९६ मध्ये ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहून समता, स्वातंत्र्य ही मूल्येच या साहित्याच्या मूल्यमापनाचा आधार मानली, तेव्हा बाहेरचा म्हटलेला मुद्दा विषयाच्या मध्यभागी आणून ठेवला गेला. सीमेवर असा हक्क सांगण्याची गरज का पडली? सी-विषयी नसलेल्या प्रश्नाला जायला डॉसचा गट होता, युनिक्सचा होता, विंडोजचे तर कितीतरी होते. तिथे त्या प्रश्नाचे जाणकार होते आणि चूक पकडणारे होते. ‘हा प्रश्न साहित्याचा नव्हे’ असे ज्यांना सांगितले गेले त्यांनी तो कुठे न्यायचा होता? समाजशास्त्राच्या विभागात कविता वाचत नव्हते. मराठीच्या सभागृहातून बाहेर काढलेला तो प्रश्न दुसऱ्या कोणत्या सभागृहात घेतला जात नव्हता. सीमा दोन्हीकडे होती. एकीकडे पलीकडचा पत्ता होता, दुसरीकडे नव्हता. त्या मुलीचा प्रश्न विषयबाह्य ठरवण्यापूर्वी तिला तो विचारता येईल अशी दुसरी खोली महाविद्यालयात दाखवता आली पाहिजे, एवढ्यावर आम्हां दोघांचे एकमत आहे. आम्ही शोधली, वेळापत्रकात तशी खोली सापडली नाही. पुढच्या तासाला विहीर चर्चेला घेतली.

संगणकवाल्यांनाही पत्त्याची ही अडचण पुढे जाणवली. २००८ मध्ये निघालेल्या स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न बंद करण्यासाठी सुरुवातीच्या काळात पाच जाणत्या सभासदांची मते लागत. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या आयुष्याविषयी, मतांविषयी, पुस्तकांविषयीचे प्रश्न तिथे टिकेनात. म्हणून २०१० मध्ये त्यांच्यासाठी वेगळे दालन काढले गेले. प्रस्तावातले त्याचे नावच मुळी ‘प्रोग्रामिंगशी संबंध नसलेले’ या अर्थाचे होते. मग ‘प्रोग्रामर्स’ झाले. थोड्याच काळात तिथेही काय विषयबाह्य हे ठरू लागले, मर्यादा आवळत गेल्या आणि २०१६ मध्ये नाव ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ असे भारदस्त झाले. संकीर्ण म्हणून उघडलेल्या शाखेलाही कालांतराने शिस्त येते; ‘आल्ट’वाल्या पाककृतीकारांना हे आधीच कळले असावे.

आता विद्यार्थी आपला प्रश्न यंत्राला विचारतो. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि त्याच डिसेंबरात स्टॅक ओव्हरफ्लोने यंत्राने लिहिलेली उत्तरे आपल्याकडे नकोत असे ठरवले. कारण दिले ते असे, की ती बरोबर दिसतात पण फार वेळा बरोबर नसतात, आणि तपासणाऱ्या माणसांना इतक्या उत्तरांना पुरे पडणे शक्य नाही. जुन्या सभासदांचे समर्थन जवळजवळ त्याच शब्दांत परत आले होते. यंत्र कोणालाही ‘हा प्रश्न इथला नव्हे’ म्हणून परत पाठवत नाही. पडदा पुसायचा असो, कवीची जात असो, संस्कृत आणि नासा असो, सर्वांना तिथे सारखाच आदर मिळतो. आमचे विद्यार्थी त्यामुळे सुखावतात आणि त्यांना नावे ठेवावीशी वाटत नाहीत; तुसडेपणाचा त्रास आम्हीही पाहिला आहे. फक्त, त्या संभाषणात तिसरा कोणी नसतो. ‘थांबा, हे चूक आहे’ असे मध्येच म्हणणारे ते दहा जण नसतात.

गूगलने २२ फेब्रुवारी २०२४ पासून यूजनेटचे आपले दार नव्या मजकुरापुरते बंद केले. जुना संग्रह मात्र वाचता येतो. गट संपलेला नाही. इतर सर्व्हरांवरून तो चालू आहे, माणसे कमी झाली आहेत, बरीचशी वयस्क आहेत. आम्ही दोघांनी मध्यंतरी एका रविवारी तिथला मजकूर चाळला. एका लांब चर्चेत सी सोडून दुसऱ्याच भाषांविषयी बोलणे चालले होते.